न्यूट्रलमध्ये

कापूरबावडीच्या सिग्नलला तिला धाप लागायची.
चालताना काही नाही. गायमुखचा चढ हूं की चूं न करता काढायची.
पण उभं राहायचं म्हटलं की
स्टिअरिंगपासून आरशापर्यंत थरथर,
आणि आरशातला मागचा टेम्पोवाला
चार-चार दिसायचा.

सत्त्याण्णवची आठशे. पिस्ता रंग,
जो आता फक्त दारांच्या आतल्या कडेला उरलाय.
कंपनी बंद झाली तेव्हा हातात आलेल्या पैशांतली
एवढीच वस्तू अजून चालते.

निदानं बरीच झाली.
वॉचमन म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी.
दीर म्हणाले, प्लग.
भाचा मोबाईलमधून मान वर न काढता : भंगारात दे, मावशी.
एकानं कार्ब्युरेटर धुऊन बाराशे घेतले.
दुसऱ्यानं कुठलासा स्क्रू पिळला
आणि गाडी महिनाभर ओरडत उभी राहिली.
बंद पडत नव्हती, इतकंच.

मग वागळे इस्टेट, सोळा नंबर.
बिस्किटांचे साचे बनवायचे त्या बंद कारखान्याच्या भिंतीला
मनवेलची ताडपत्री.
बॉनेट उघडलं, पण हात लावला नाही.
"कधीपासून?"
"गौरी-गणपतीपासून."
"थंड असताना, की तापल्यावर?"
डॉक्टरसुद्धा इतकं विचारत नाहीत हल्ली.

तीन सिलिंडर.
रबरी मुठीच्या पकडीनं त्यानं पहिल्या प्लगची टोपी उपटली,
इंजिन लंगडलं. बसवली.
दुसरी उपटली, लंगडलं.
तिसरीलाही तेच.
"तिघंही कामावर आहेत. दांडी कुणाची नाही.
मग कुठेतरी वारा खातेय."

रबरी नळीचा हातभर तुकडा त्यानं कानात धरला,
दुसरं टोक इंजिनावरून फिरवलं,
आणि मग नळी माझ्याकडे दिली.
"वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये होतो. बारीक आवाज गेले माझे.
ठोके कळतात, फुसफुस नाही कळत.
तुम्ही ऐका."

मी?
मी पंधरा वर्षं औषधाच्या बाटल्यांवर
लेबलं सरळ लागलीत का ते बघितलं.
ओढणी खोचून वाकले.
आधी नुसता गदारोळ.
मग बेल्ट वेगळा ऐकू आला, टॅपेटची टकटक वेगळी,
आणि त्या सगळ्याच्या खाली, मागच्या बाजूला, अगदी आत,
कुकरची रिंग सैल झाली की
शिट्टी न होता जे नुसतंच जात राहतं,
ते.

"इथे," मी म्हणाले.
त्यानं त्या जागी क्लीनरचा एक फवारा मारला
आणि गाडी दचकून सरळ उभी राहिली.
फवारा उडून गेला. पुन्हा थरथर.

करंगळीएवढा पाइप.
सरळ धरला तर धडधाकट, वाकवला तेव्हा त्यानं तोंड उघडलं.
इसाक सायकलवर जाऊन वीतभर नवा घेऊन आला. साठ रुपये.

तो बसवला मात्र, गाडी किंचाळायलाच लागली.
मी मागे सरले. मनवेल हसत होता.
"हा तो पिळलेला स्क्रू. भोक झाकायला
कुणीतरी हिला जागच्या जागी पळवत ठेवली होती.
भोक बुजलं, पण हिला ते सांगणार कोण?"
पाव फेरा मागे. थांबला. अजून पाव.
माझ्याकडे बघून नुसत्या भुवईनं : बास?
मी म्हटलं, किंचित अजून.

संध्याकाळी कापूरबावडीला लाल लागला.
पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला,
आणि काहीच नाही. आरसा निवांत. टेम्पोवाला एकच.
पडली बंद, असं म्हणत मी किल्ली फिरवली.
कर्र्र् करून असा काही आवाज झाला
की शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली :
"ओ काकू,
चालूच आहे ती."